साठ पीस, तीस जोड: एका कोटेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात, राजारामपुरीत मी संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी घेते. बहुतेक मुलं कॉलेजातली, काही नोकरी करणारी. हे प्रकरण त्यांतल्याच एका मुलीचं. तिला विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील गाळून. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. घर सुभाषनगरात, धंदा पिढीजात कोल्हापुरी चपलांचा. वडील कातडं बेततात आणि तळ शिवतात, आई आणि काकू वेण्या घालतात. फोन, मेल आणि इन्स्टाग्राम हे खातं मुलीकडं.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यानं या घरात फारसं काही हललं नव्हतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला दिसल्या, वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला, आणि मग मात्र मुलीच्या फोनवर इंग्रजीतून विचारणा यायला लागल्या. बहुतेक नुसत्याच चौकशा. एक मात्र खरी होती: इंग्लंडमधल्या एका छोट्या दुकानाच्या मालकीणबाई. तुम्ही किती माल देऊ शकाल आणि कोणत्या भावानं, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण पुढं ती मलाच बोचणार आहे. वर्षभरापूर्वी मी वर्गात एकवचन-अनेकवचन आणि मोजता येणारी, न येणारी नामं शिकवली होती. शेवटी चाचणी: वीस शब्द, प्रत्येकापुढं खूण करायची. या मुलीला २० पैकी १९ मिळाले. चुकला तो फक्त 'न्यूज'.

अडचण

मुलीनं कोटेशन पाठवलं. कापशी चप्पल (कोल्हापुरीचाच एक प्रकार), ६० पीस, दर १,४५० रुपये. तिच्या मनात साठ जोड होते आणि एका जोडाचा भाव १,४५०. आपल्याकडं दुकानात 'किती पीस?' असंच विचारतात. साडी असो, शर्ट असो, चप्पल असो, विकायचा एक नग म्हणजे पीस.

चार दिवसांनी उत्तर आलं. तीस जोड आम्हाला पुरतील, पण जोडाला २,९०० रुपये हा भाव आमच्या अंदाजाच्या वर जातो.

घरात कुणालाच काही कळेना. तीस कुठून आले? २,९०० कुणी सांगितले? काकांचं म्हणणं, बाई हुशार आहे, मुद्दाम भलताच आकडा सांगून आपल्याला चाचपतेय. वडिलांना वाटलं, दुसऱ्या कुणाचं कोटेशन चुकून आपल्याला आलंय. मुलीनं दोन दिवस विचार करून उत्तर लिहिलं: आमचा भाव १,४५० फिक्स आहे, त्यात कमी होणार नाही.

आता हे उत्तर बाईंच्या बाजूनं वाचून बघा. त्यांनी साठ पीस म्हणजे चपलांचे साठ सुटे नग धरले होते, म्हणजे तीस जोड. एका नगाला १,४५०, म्हणून जोडाला २,९००. त्यावर त्यांनी सौम्यपणे भाव जास्त असल्याचं कळवलं, तर समोरून जबाब आला की नगाला १,४५० म्हणजे १,४५०, एक पैसा कमी नाही. दोघींचेही हिशेब आपापल्या जागी चोख होते. पुढचे नऊ दिवस मेल आला नाही.

दहाव्या दिवशी मुलगी वर्ग सुटल्यावर मागं थांबली. "मॅडम, मी बरोबरच लिहिलोय की. बघा ना."

(कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी लिहिलो' म्हणतात. पुण्याची माणसं हसतात, आम्ही लक्ष देत नाही.)

गाठ कुठं बसली होती

मेल वाचून माझ्या ध्यानात यायला पाचेक मिनिटं लागली, कारण मीही मराठीच बोलणारी. 'माझी चप्पल तुटली' म्हणताना आपण एका पायातल्या चपलेविषयी बोलतो. 'नवी चप्पल घेतली' म्हणताना मात्र दोन्ही पायांतल्या. एकच शब्द, एकच वचन, आणि ऐकणाऱ्याला कधी शंका येत नाही. मराठीत कात्री एक, विजार एक, चष्मा एक. इंग्रजीला या तिन्ही वस्तूंत दोन-दोन भाग दिसतात, म्हणून त्यांची नामं कायम अनेकवचनी आणि एक वस्तू सांगायची तर 'अ पेअर ऑफ'. चपलेची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं इंग्रजी एका पायाची वस्तू हा एक नग धरते. दोन पायांच्या दोन वस्तू, त्यांचा मिळून एक पेअर.

गंमत म्हणजे जोड हा शब्द या घरात दिवसातून पन्नास वेळा बोलला जातो. वडिलांना मी विचारलं, तुम्ही माल कशात मोजता? ते माझ्याकडं बघतच राहिले. "जोडात. एका पायाची चप्पल कोण इकतंय ओ मॅडम?"

म्हणजे माप घरात होतं. इंग्रजी लिहायला बसल्यावर मुलीनं ते बाजूला ठेवलं आणि दुकानातला पीस उचलला, कारण पीस हा शब्द तिला जास्त इंग्रजी वाटला. सीमाशुल्काच्या दरपत्रकातसुद्धा पादत्राणं ६४व्या प्रकरणात येतात आणि तिथं त्यांचं माप जोड हेच आहे. म्हणजे कापशी चपलेपासून सरकारी कागदापर्यंत सगळे जोडातच मोजत होते, एक आमचं कोटेशन सोडून.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी वडीलही शिकवणीच्या खोलीत येऊन बसले होते. चार गोष्टी बोलल्या गेल्या.

पहिली काकांनी फोनवरून सुचवली: लक्ष्मीपुरीतल्या एका ओळखीच्या माणसाला मधे घ्यायचं. तो इंग्रजी पत्रव्यवहार करतो, टक्केवारी घेतो. वाईट सूचना नव्हती. पण मग गिऱ्हाईक त्याचं होतं, हे वडिलांनीच सांगितलं. दुसरी व्हिडिओ कॉलची. चप्पल हातात धरून दाखवली की प्रश्न मिटतो. मला ही पसंत होती, मुलीला नव्हती. बाईंचं बोलणं समजलं नाही आणि घाबरून मी यस यस म्हणत सुटले तर? तिचं बरोबर होतं. लिहिताना थांबता येतं, शब्द पुसता येतो.

तिसरी गोष्ट कुणी सरळ बोललं नाही. वडील मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बाईला दोन हजार नऊशे वाटलंय. थोडं कमी करून अडीच हजारावर आलो, तर ती खूश आणि आपणबी." मग स्वतःच हसले. मुलगी हसली नाही. "पप्पा, वेबसाइटवर आपला भाव टाकलाय." तो विषय तिथं संपला. वेबसाइट नसती तर संपला असता का, मला माहीत नाही.

चौथा पर्याय: चूक कबूल करून नवं कोटेशन पाठवायचं. तेच ठरलं. प्रश्न उरला तो माफी किती मागायची याचा. मुलीनं आठ ओळींची माफी लिहिली होती. मी ती एका वाक्यावर आणली: आधीच्या कोटेशनमध्ये पीस म्हणजे आम्हाला जोड म्हणायचं होतं. बाकी सगळं तक्त्यात. प्रत्येक ओळीत पेअर, दरापुढं पर पेअर, आणि सोबत एक फोटो: एक जोड, खाली पट्टी, पट्टीवर 'वन पेअर'.

प्रत्यक्षात काय केलं

तक्ता करताना पहिल्याच ओळीत 'सिक्स्टी पेअर' आलं. एस नाही. मी खूण केल्यावर ती म्हणाली, "एक जोड, दोन जोड, साठ जोड. बदलतंय कुठं?" खरंच आहे. मराठीत व्यंजनान्त पुल्लिंगी नामं अनेकवचनात तशीच राहतात: एक बैल, दहा बैल, एक दगड, दहा दगड. घोडा-घोडे होतो, नदी-नद्या होतात, पण बैल बैलच. इंग्रजीत असे शब्द थोडे, शीप आणि डिअरसारखे, आणि ते अपवाद म्हणून पाठ करावे लागतात. आपल्याकडं हा अख्खा गट आहे. मुलं एस विसरतात तेव्हा आपण त्यांना वेंधळी म्हणतो. पुष्कळदा ती वेंधळी नसतात, मनातल्या मनात मराठी बोलत असतात.

मग मी वर्षभरापूर्वी वाटलेला माझाच कागद काढला. त्यावर पहिलं वाक्य होतं: ज्या वस्तू मोजता येतात त्यांची नामं मोजता येणारी. कित्येक पुस्तकांत असंच असतं. मुलीनं शांतपणे विचारलं, "मग पैसे मोजता येत नाहीत?"

याला माझ्याकडं त्या क्षणी उत्तर नव्हतं. पैसे मोजता येतात, त्यासाठीच ते असतात. फर्निचरही मोजता येतं, दागिने तर तोळ्यामाशानं. तरी मनी, फर्निचर, ज्वेलरी ही इंग्रजीत न मोजता येणारी नामं. वस्तू मोजता येते की नाही हा प्रश्नच चुकीचा होता. तो शब्द आकड्याला सरळ चिकटतो की मधे एखादं माप मागतो, हे बघायचं असतं. आणि ते प्रत्येक भाषा आपल्या मर्जीनं ठरवते. आपले तांदूळ संपले, इंग्रजीत राइस संपला. आपले केस गळतात, त्यांचं हेअर गळतं. पोहे मराठीत कायम अनेकवचनी, का ते कुणी सांगावं.

वडील ऐकत होते. त्यांचे एक मेहुणे मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर आहेत. मी विचारलं, सौद्यात गूळ कसा मोजतात? "रव्यात." दोन गूळ, चार गूळ असं म्हणतात? "खुळी हाईत व्हय?" बस्स. गूळ हा न मोजता येणारा, रवा म्हणजे त्याची ढेप, हे त्याचं माप. इंग्रजीत जॅगरीचं तेच: ब्लॉक म्हणा, किलो म्हणा, पण टेन जॅगरीज नाही. ही एक व्यवस्था कोल्हापूरच्या माणसाला शिकवायची गरजच नाही, ओळख करून द्यायची आहे.

आणि अपवादसुद्धा घरचाच सापडला. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आपण 'दोन दूध' म्हणतो, म्हणजे दोन ग्लास. मिसळीच्या दुकानात 'तीन मिसळ' म्हणतो, म्हणजे तीन प्लेट. माप इतकं उघड असतं की बोलताना गळून पडतं. इंग्रजीत टू कॉफीज म्हणतात ते याच न्यायानं. फक्त पावाला जपायचं. आपले चार पाव म्हणजे फोर ब्रेड्स नव्हेत. ब्रेड न मोजता येणारा, त्याच्या स्लाइस मोजतात, नाहीतर बन.

कोटेशन रात्री साडेनऊला गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, आणि ते चांगलं होतं. बाईंनी स्वतःच्या हिशेबावर विनोदही केला होता. खाली मात्र एक ओळ होती: पाच जण काम करत आहेत म्हटल्यावर तीन आठवड्यांत माल निघायला हरकत नसावी.

पाच जण?

दुसरी गाठ

तेव्हा कुठं मी सगळा पत्रव्यवहार पहिल्यापासून वाचला. सुरुवातीच्या एका मेलमध्ये मुलीनं लिहिलं होतं: माय फादर आर मेकिंग चप्पल्स, दे आर एक्स्पर्ट. पप्पा चपला करतात, ते तरबेज आहेत. मराठी म्हणून वाक्य निर्दोष आहे. वडिलांना एकवचन लावायला तिची जीभ वळत नाही आणि लिहितानाही बोट वळलं नाही. बाईंनी 'दे' वाचून कारागिरांची एक तुकडी डोळ्यांसमोर आणली आणि विचारलं, हाउ मेनी ऑफ देम आर देअर? मुलीला वाटलं, चपलांचे प्रकार विचारतायत. तिनं पाच लिहून टाकले. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाली, पुकरी. नावं लिहिली असती तर कदाचित तिथंच उलगडा झाला असता, पण तिनं नुसता आकडा लिहिला.

दिवसाला दोन, फार तर तीन जोड होणारं घर. त्यात पावसाळा, कातडं लवकर वाळत नाही. तीन आठवडे अशक्य होते. इथं पुन्हा कळवावं लागलं की पाच हे प्रकार, माणूस एकच, माझे वडील, आणि घरच्या दोघी वेण्या घालतात. ही दुरुस्ती मुलीनं स्वतः लिहिली. 'माय फादर इज' लिहिताना तिला कसंतरीच झालं म्हणे. मी सांगितलं, इंग्रजीत सगळ्यांच्या वडिलांना इज लावतात, मान कमी होत नाही.

मग नमुन्यांचं. बाईंनी सँपल्स ऑफ द लेदर्स मागितले होते. मुलीनं एकाच कातड्याचे चार तुकडे कापून पाकीट तयार ठेवलं होतं. मी विचारलं, एकाच कातड्याचे का? तर म्हणाली, "लेदरला एस लागत नाही, तुम्हीच शिकवलाय. बाईंचं चुकलंय, मी समजून घेतलो." बाईंचं चुकलं नव्हतं. न मोजता येणाऱ्या नामाला एस लागला की बहुधा 'प्रकार' असा अर्थ होतो. लेदर्स म्हणजे वेगवेगळ्या जातींचं कातडं. पाकीट पुन्हा भरलं: तळाचं म्हशीचं, वेण्यांचं शेळीचं, आणि तेल देऊन गडद केलेलं एक. शेजारी कागदावर बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावल्याचं लिहिलं. त्या कागदाचं बाईंना फार कौतुक वाटलं.

काय सोडून दिलं

मेलमध्ये इन्फर्मेशन्स होतं, अ‍ॅडव्हायसेस होतं, एके ठिकाणी 'द मनी आर रिसीव्ह्ड' होतं. पैसे मिळाले, म्हणून आर. हे मी तसंच जाऊ दिलं. माझ्या एका सहकारी शिक्षिकेला हे अजिबात पटलं नाही. चूक दिसली की लाल पेन चाललं पाहिजे, असं तिचं मत. माझा हिशेब वेगळा होता. ज्या चुकीनं आकडा, तारीख किंवा माल बदलतो ती आज रात्री सुधारायची. ज्या चुकीनं फक्त माझा कान दुखतो ती वर्गात, सवडीनं. सगळ्या एकदम दाखवल्या असत्या तर मुलीनं मेल लिहिणंच माझ्यावर टाकलं असतं. इन्फर्मेशन्सबद्दल बाईंनी कधी चकार शब्द काढला नाही.

निष्पत्ती

साठ जोडांची ऑर्डर मिळाली नाही. आधी चाचणी म्हणून २४ जोड, दर १,४५०, एकूण ३४,८०० रुपये, मुदत सात आठवडे. सुरुवातीच्या घोळानं बाई सावध झाल्या होत्या, की त्यांना तेवढेच हवे होते, हे सांगता येणार नाही. वडिलांच्या मते घोळामुळं. माझ्या मते एकट्या माणसाकडून साठ मागवणं त्यांनाच जड वाटलं. माल वेळेत गेला.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्याच संध्याकाळी मी शेवटचे दोन मेल वाचले आणि रोग सापडला म्हणून थांबले. सगळे वाचले असते तर 'दे' तिथंच दिसला असता आणि बाईंना दोनदा दुरुस्ती वाचावी लागली नसती. कोटेशनमध्ये एक ओळ वाढवायला हवी होती: एकूण रक्कम आणि एकूण जोड. बेरीज समोर असती तर २,९०० कुणाच्या डोक्यातच आले नसते.

चाचणी मी बदलली. वीस शब्दांना खुणा करणं बंद. आता मुलांनी एक ऑर्डर लिहायची: गुळाचे रवे, दोन कात्र्या, पाव, थोडी माहिती, आणि चपलांचे सहा जोड. पहिल्या तुकडीत बहुतेकांचे जोड बरोबर आले आणि कात्र्या चुकल्या. टू सिझर. म्हणजे अजून काम आहे.

परवा बाईंचा मेल आला. एका जोडातल्या डाव्या चपलेचा अंगठा उसवला आहे, तेवढी एक डावी पाठवाल का, ३९ नंबरची. मुलीनं वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, एकच करून जमणार नाही. दुसऱ्या कातड्यातनं काढलेली डावी जुन्या उजवीशेजारी ठेवली की रंग वेगळा दिसतोय. एका तुकड्यातनं दोन्ही बेतायला लागतात. त्यांनी अख्खा नवा जोड केला. पार्सलचा फॉर्म भरताना मुलीचा मला फोन आला, "मॅडम, एक लिहू का दोन?"

मी विचारलं, तुला काय वाटतं?

"पप्पा म्हणतायत जोड. मी वन पेअर लिहितो."